इशारा मिळाला, आता पुढं काय? वेचणीच्या काट्यापासून सातबाऱ्यापर्यंत पश्चात्तापाची वाट

पावसाळा सरला की आपल्या विदर्भात वावरात कापूस फुटतो आणि गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत संजीवन सभांचे मंडप पडतात. बाहेरगावचे उपदेशक येतात. शेवटच्या रात्री 'अजून वेळ आहे, मागं फिरा' अशी हाक होते आणि लोक रडत पुढं येतात. पंधरा दिवसांनी बघावं, तर तेच दोन भाऊ त्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकमेकांशी बोलत नसतात. त्या रात्रीचं रडणं खोटं नसतं. मंडप उतरल्यावर सकाळी उठून नेमकं कुठं जायचं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

इथं तेच सांगायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे: पश्चात्ताप देवापुढं सुरू होतो आणि ज्याचं आपण बिघडवलं त्याच्या दारापर्यंत चालत जातो. मधले टप्पे घाईनं उरकले किंवा टाळले, तर तो मंडपातच राहतो.

आधी इशारा पारखा

इशारा चार-पाच वाटांनी येतो. शास्त्र वाचताना एखादं वचन बोचतं. पाळकांचा उपदेश जणू आपल्यालाच उद्देशून असतो. घरचं माणूस स्पष्ट बोलतं. कोणाला स्वप्न पडतं. किंवा सभेत कोणी हात वर करून 'प्रभू म्हणतो' अशी सुरुवात करतं.

पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगतो की भविष्यवाणी तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. योहानही पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तेच म्हणतो, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका. म्हणजे पारखणं हा अविश्वास नाही, ती आज्ञाच आहे.

पारखायचं कसं? शास्त्रातले खरे इशारे काढून बघा. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्यानं गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, आणि मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. ज्याला मारवून दावीदानं त्याची बायको घेतली, त्या उरीयाचं नाव घेऊन पुढं काय केलंस तेही सांगितलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तर त्यांना म्हणाला, कोणाला धाक दाखवून लुबाडू नका, पगारात भागवा. जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीची आधी चांगली कामं सांगितली आहेत, मग एक दोष, मग काय करायचं तेही. खरा इशारा कामावर बोट ठेवतो आणि दार उघडं ठेवतो.

याउलट 'तुमच्या घरावर मोठा काळ येतो आहे' एवढंच कोणी सांगितलं, का ते नाही, काय सोडायचं ते नाही, तर मनात फक्त भीती राहते. त्यापाठोपाठ 'विशेष प्रार्थनेसाठी एवढं अर्पण द्या' आलं, तर उठून घरी या. 'बीपीची गोळी बंद करा, विश्वास ठेवा' म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. चमत्काराच्या नावानं पैसे उकळणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा धर्म पाहत नाही, गळ्यात क्रूस असला तरी लागू होतो.

स्वप्नाचं म्हणाल तर ते वहीत लिहून ठेवा, मंडळीतल्या एखाद्या जुन्या, शांत माणसाला दाखवा, आणि घाई करू नका. राहिलं घरच्या माणसाचं बोलणं. येशूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताच्या बायकोनं न्यायासनावर निरोप पाठवला होता, त्या नीतिमान माणसाच्या भानगडीत पडू नका म्हणून. पिलातानं ऐकलं नाही. आपल्याकडचे पिलातही ऐकत नाहीत. माझ्या पाहण्यात सर्वांत अचूक इशारा बहुतेक वेळा चुलीपाशीच मिळतो, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं.

संकट आलं म्हणजे इशाराच आला का?

इथं थोडं थांबावं लागेल, कारण आपल्या भागात या एका प्रश्नानं फार माणसं जखमी केली आहेत.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. गारपीट तर दर दोन-चार वर्षांनी कुठं ना कुठं होतेच. अशा वेळी मंडळीतला कोणीतरी हमखास म्हणतो, 'दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देत नव्हता, म्हणून झालं.'

लूकच्या तेराव्या अध्यायात हाच प्रश्न येशूपुढं आला. पिलातानं काही गालीलकरांना मारलं होतं. येशूनं स्वतःहून दुसरं उदाहरण जोडलं, शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचं. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का, असं विचारून त्यानंच उत्तर दिलं: नाही. आणि लगेच पुढं म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला हवीत. दुसऱ्याच्या संकटावरून त्याचं पाप मोजायचं नाही. आणि संकट पाहून प्रत्येकानं आपापल्या मनात डोकावायचं. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? तेव्हाही उत्तर आलं, कोणाचंच नाही.

ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला, त्या घरी जाऊन पापाविषयी एक शब्द काढू नका. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेवढंच. तोंड उघडलं आणि बिघडलं. तुम्ही जेवणाचा डबा घेऊन जा, तेराव्यानंतरही जा, पोरांच्या शाळेचं विचारा.

आणखी एक भेद ओळखता यायला हवा. पापाची बोचणी ठरावीक गोष्टीची असते आणि ती कबूल केली, निस्तरली की हलकी होते. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, 'मी मेलो तर घरच्यांचं बरं होईल' असं वाटतं, तर हे आजारपण असू शकतं. त्यावर आणखी उपास-प्रार्थना लादू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, खाऊ घातलं, पाणी दिलं. बोलणं नंतर झालं. अशा माणसाला एकटं ठेवू नका, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

कागदावर नाव घालून लिहा

'प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर' ही प्रार्थना चुकीची नाही, पण तिच्याआड फार काही लपतं. शौल राजाची कबुली बघा, पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात. शत्रूचं काही राखू नको ही देवाची आज्ञा त्यानं मोडली होती. आधी म्हणाला, मी आज्ञा पाळली. मग म्हणाला, मेंढरं लोकांनी राखून ठेवली. मग म्हणाला, लोकांची भीती वाटली. शेवटी 'मी पाप केलं' म्हणाला, आणि त्याच दमात, वडील मंडळींसमोर माझा मान राख. दावीदाची कबुली एका ओळीत संपली.

म्हणून वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा: कोणाचं, काय, कधीपासून. निर्गमचा विसावा अध्याय, म्हणजे दहा आज्ञा, आणि मत्तयचा पाचवा ते सातवा अध्याय हळूहळू वाचा, आणि आठवेल तसं लिहा. 'मी लोभी आहे' असं लिहू नका. 'अमक्या सालदाराचे (वर्षाच्या कराराच्या गड्याचे) शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत' असं लिहा. ही वही तुमची आहे, कोणाला दाखवायची नाही, काम झालं की जाळून टाका.

गावात राहणाऱ्याला विचारावे लागतील असे काही प्रश्न शहरातल्या उपदेशकाला सुचत नाहीत. नांगरताना धुरा किती कोरला? शेजाऱ्याच्या बांधावरची झाडं कोणी तोडली? व्याजानं पैसे दिले, तर किती टक्क्यानं? बहिणीची सही कोणत्या कागदावर घेतली, तिला तो वाचून दाखवला का? सालदाराला गुढीपाडव्याला ठरवलेलं पूर्ण मिळालं का? घरी काम करणाऱ्या बाईला कप वेगळा आहे का? पोरीची सोयरीक आली तेव्हा, ख्रिस्ती असूनही, पहिल्यांदा आडनावावरून जात शोधली का? शेवटचा प्रश्न मंडळीत विचारला तर शांतता पसरते, म्हणून तो जरूर विचारावा.

वेचणीचंच घ्या. पहाटे दव असतं, कापूस ओला असतो, म्हणून मालक वजनातून 'ओल' कापतो. तेवढ्यापर्यंत ठीक. पण दुपारी बारानंतर, उन्हात वाळलेल्या कापसातूनही ती ओल कापली जाते. संध्याकाळी बाया ओटीतला कापूस गाठोड्यात बांधून धुऱ्यावर येतात. बाभळीच्या फांदीला तानकाटा लटकवलेला असतो. गाठोडं अडकवलं की काटा वरखाली हलतो, आणि तो थांबायच्या आतच मालक 'सतरा' म्हणून वहीत लिहितो. काटा थांबू दिला असता तर साडेसतरा भरला असता. बाई बघत असते, तिला कळतं, पण उद्याही तिला तिथंच यायचं असतं. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं म्हटलं आहे, आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर लिहिलंय की तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सैन्यांच्या प्रभूच्या कानी गेली आहे. कापणीच्या जागी वेचणी म्हणा, आपल्याच गावाला लिहिलेलं पत्र वाटतं.

देवापुढं बसा

वही लिहून झाली की ती घेऊन देवापुढं बसा. एकावन्नावं स्तोत्र मोठ्यानं वाचा, आणि एकेका ओळीचं नाव घेऊन कबुली द्या. उपास करायचा तर करा, पण यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचून करा. उपासाच्या दिवशी मजुरांकडून जास्त काम काढणाऱ्यांविषयी तिथं जे लिहिलंय, ते वाचल्यावर उपास कसा करायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. योएल म्हणतो, कपडे नव्हे, हृदय फाडा.

येशूचे दोन शिष्य घ्या. पेत्रानं त्याला तीनदा नाकारलं. यहूदानं त्याला धरून दिलं. दोघांनाही मागाहून भयंकर वाईट वाटलं. यहूदानं तर तीस रुपये परतही नेले आणि निर्दोष माणसाला धरून दिलं अशी कबुलीही दिली. मग चुकलं कुठं? तो याजकांकडे गेला, पेत्रासारखा येशूकडे परतला नाही. आणि याजकांनी काय म्हणावं? आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. मंडळीच्या पाळकांनी आणि वडिलांनी हे वाक्य नीट वाचावं. कोणी रडत दाराशी आला आणि तुम्ही 'रविवारी बोलू' म्हणालात, तर तुम्ही त्या याजकांच्या ओळीत बसता. पौल करिंथकरांना सांगतो ते दुःखाचे दोन प्रकार हेच: एक तारणाकडे नेतं, दुसरं मरणाकडे.

कबूल केलं की क्षमा झाली हे धरून चाला. योहानाच्या पहिल्या पत्रात पहिल्याच अध्यायात तसं वचन आहे. तीच ती गोष्ट दर रात्री उकरून पुन्हा रडणं म्हणजे जास्त भक्ती असं समजू नका.

कोणासमोर किती बोलायचं

नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये आले तेव्हापासून विदर्भात निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि कबुलीची रीत प्रत्येकीची वेगळी. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करा. तिथं ऐकलेलं बाहेर न सांगण्याचं बंधन त्यांच्यावर आहे, आणि 'गावात फुटेल' ही धास्ती राहत नाही. अलायन्स, फ्री मेथडिस्ट, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा स्वतंत्र मंडळीत असाल, तर याकोब ५:१६ प्रमाणे विश्वासातल्या एका माणसाजवळ बोला. पुरुषानं पुरुषाजवळ, बाईनं बाईजवळ. माणूस निवडताना एवढंच बघा की त्यानं आजवर दुसऱ्या कोणाचं तुम्हाला सांगितलेलं नाही.

पाप जेवढ्यांना लागलं तेवढ्यांसमोरच कबुली द्यायची, हा नियम धरा. मनातलं पाप देवाजवळ. शेजाऱ्याचं केलं ते शेजाऱ्याजवळ. मंडळीच्या पैशात गडबड केली असेल तर मंडळीसमोर, हिशेबाच्या वहीसकट. साक्षीच्या नावाखाली माईक घेऊन जुन्या भानगडी सांगणारे मला पटत नाहीत. त्यात दुसऱ्या माणसाचंही नाव असतं, बहुतेकदा एखाद्या बाईचं. तिनं साक्ष द्यायचं ठरवलेलं नसतं.

आता दारात जा

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. जक्कय या जकातदारानं अर्धी संपत्ती गरिबांना आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायचं जाहीर केलं. लेवीयच्या सहाव्या अध्यायात हिशेब सोपा आहे: मूळ रक्कम, वर तिचा पाचवा हिस्सा. सालदाराचे दहा हजार अडकवले असतील तर बारा हजार द्या. उशीर झाला, महागाई वाढली, तेवढं तरी त्याच्या पदरात पडतं.

जाताना बोलायचं काय, हे आधी ठरवून घ्या, कारण दारात गेल्यावर जीभ वळते. असं काहीसं पुरतं: 'भाऊ, दोन वर्षांपासून वखरताना तुमच्याकडची दोन तासं (नांगराच्या दोन ओळी) मी माझ्यात घेतली. ती तुमची आहेत. मोजणी आणतो, खर्च माझा.' एवढं बोलून थांबा. 'पण तुमची ढोरंही माझ्या तुरीत आली होती' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. 'माफ केलं म्हणा' असा हट्ट धरू नका. त्याला वेळ लागेल, कदाचित तो दारच लावून घेईल. तुमचं काम त्यानं माफ करण्यावर अडत नाही. पैसे किंवा जमीन परत करायचीच आहे.

धुऱ्याचा वाद तोंडी मिटवू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरा, शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणीदार येऊन खुणा दाखवतात, त्या जागी दगड रोवा. तुम्ही उद्या नसाल, पोरं असतील.

बहिणीच्या हिश्श्याचं जरा सविस्तर, कारण याबाबत ख्रिस्ती घरांतही गैरसमज आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाची मालमत्ता भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे वाटली जाते. विधवा आणि मुलं मागं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींत सारखे. मुलगा म्हणून जास्त काही नाही. सहा एकर असेल, आई, दोन भाऊ, दोन बहिणी असतील, तर आईला दोन एकर, आणि प्रत्येक भावा-बहिणीला एकेक. आता आपल्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत ते बघा. हक्कसोडपत्रावर बहिणीनं खुशीनं सही दिली असेल तर तिचा प्रश्न तिचा. पण 'तलाठ्याला लागते, कर सही' म्हणून घेतली असेल, तर तिच्या घरी जा, जावयासमोर नव्हे, तिच्याशी आधी बोला, आणि वकिलाला विचारून वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून फेरफार घ्या. आई हयात असेल तर तिला सोबत घ्या. जमीन द्यायची नसेल आणि बहिणीलाही पैसेच चालणार असतील, तर आजच्या भावानं द्या.

व्याजात कोणाचं वावर आपल्या नावावर आलं असेल, तर नहेम्याचा पाचवा अध्याय वाचा. लोकांनी पोरंबाळं, शेतं, मळे गहाण टाकले होते. यरुशलेमचा अधिकारी नहेम्या यानं सावकारांना बोलावून शेतं, मळे, घरं आणि वर घेतलेलं व्याज त्याच दिवशी परत करायला लावलं. आपल्याकडेही २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना व्याजबट्टा गुन्हा आहे आणि त्यात बळकावलेली जमीन जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देववू शकतात. पण तक्रार होईपर्यंत थांबलात तर तो कायद्याचा बडगा झाला, पश्चात्ताप नाही.

ज्याचं घेतलं तो वारला असेल तर वारसांना द्या. वारस सापडत नसतील तर गरजूला द्या, आणि आपलं नाव न लावता. एकदम देण्याची ऐपत नसेल तर कापसाचा चुकारा (विक्रीचे पैसे), तुरीचा चुकारा असे हप्ते ठरवा, कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. वेचणीच्या वजनाचा हिशेब आता लागणारच नाही. तिथं अंदाजानं, जरा सढळ हातानं रक्कम काढा, त्या बायांना वाटा, आणि उद्यापासून काटा थांबेपर्यंत थांबा.

दारूबाबत दवाखान्याचं एक

सभेत पुढं येऊन 'आजपासून सोडली' म्हणणारे खूप असतात, आणि त्यातले काही खरंच सोडतात. पण रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, घाम, मग झटके येऊ शकतात, बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन नसलेलं दिसू लागतं, यात माणूस दगावूही शकतो. मंडळीत याला 'भूत निघतंय' समजून रात्रभर हात ठेवून प्रार्थना करतात. प्रार्थना करा, पण गाडीत बसवून दवाखान्याकडे जाताना करा. डॉक्टरांना 'किती वर्षं, रोज किती' खरं सांगा, ते औषधं देऊन सांभाळून सोडवतात. वर्धा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत, तरी मोहाची मिळते हे तिथल्या बायांना ठाऊक आहे. बाटली मिळणार हे गृहीत धरूनच संध्याकाळच्या वेळेचं आधी ठरवा: कोणासोबत बसायचं, कोणत्या रस्त्यानं घरी जायचं, पैसे कोणाच्या हाती द्यायचे.

मंडळीत मिटवायचं नाही असं काही

नवऱ्यानं मारलं, मग सभेत रडला, मग पाळकांनी बायकोला 'माफ कर, घरी जा' म्हटलं. असं करू नका. क्षमा तिनं द्यायची तेव्हा देईल, घरी परतणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथं बायको सुरक्षित राहील का हे आधी बघा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. खरा फिरलेला माणूस बायको माहेरी राहिली तरी खर्च पाठवतो आणि तिला परत आणा म्हणून मंडळीच्या वडिलांना धाडत नाही.

लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर कबुली ऐकून गप्प बसायचा अधिकार मंडळीला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. आरोपी उपदेशक असला तरी, मंडळीला मोठी देणगी देणारा असला तरी.

पुढचे महिने

इफिसच्या मंडळीला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कामं पुन्हा कर. तिसऱ्या गोष्टीतली कामं रोजची आणि कंटाळवाणी असतात. त्यासाठी एक सोबती धरा, आठवड्यातून एकदा भेटा, बाजाराच्या दिवशी भेटलात तरी चालेल. त्यानं दोनच गोष्टी विचारायच्या: ठरलेला हप्ता गेला का, आणि ती गोष्ट पुन्हा झाली का. झाली असेल तर त्याच दिवशी सांगा. लूकच्या सतराव्या अध्यायात एका दिवसात सात वेळा परत येणाऱ्यालाही क्षमा आहे. पडलेल्या माणसाची लाज महिनाभर लपवली की ती मोठी होते.

मंडळीच्या वडिलांनाही एक काम आहे. यहेज्केलच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी तलवार येताना पाहून कर्णा वाजवतो, तसं बोलणं ही तुमची जबाबदारी. पण बोललात आणि माणूस फिरला, तर पौल करिंथकरांना सांगतो तेही करा: एवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडेल. प्रभुभोजनाला थांबवलेल्या माणसाला परत कधी बसवायचं, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. अट ठोस ठेवा, म्हणजे सालदाराचे पैसे चुकते झाले, मोजणीचा अर्ज भरला, अशी. 'मन बदललेलं दिसलं की' अशी अट ठेवली तर ते मन पाहणारा कोण, यावरून वर्षभर भांडण चालतं, आणि तो माणूस दर रविवारी शेवटच्या सतरंजीवर बसून घरी जातो. अट पुरी झाली की पुढच्याच भोजनाला त्याला बोलवा, आणि आदल्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन तसं सांगून या.